चालक बेशुद्ध पडला तर ब्रेक कोण दाबणार?

बस ताशी ८० किलोमीटरने चालली आहे आणि चालकाच्या छातीत कळ येऊन तो स्टीअरिंगवर कोसळला. पुढच्या दहा सेकंदांत ती बस सव्वादोनशे मीटरच्या आसपास जाते. तेवढ्या वेळात ब्रेक कोण दाबणार?

आमचे वडीगोद्री धुळे-सोलापूर महामार्गावर आहे. रात्रभर ट्रक आणि ट्रॅव्हल्स जातात, गळिताच्या हंगामात त्यांत उसाचे ट्रॅक्टर मिसळतात. आपल्या मोहल्ल्यांतले कितीतरी तरुण अशाच रस्त्यांवर स्टीअरिंग धरून घर चालवतात. त्यामुळे हा विषय महागड्या मोटारींच्या हौशी लोकांवर सोडून चालणार नाही.

मी सॉफ्टवेअरचे काम करतो, म्हणून तंत्र थोडक्यात सांगतो. स्टीअरिंगवर हात आहे का हे सेन्सर पाहतो, डोळे उघडे आहेत का हे कॅमेरा पाहतो. प्रतिसाद नसेल तर आधी आवाज, मग ब्रेकचा हलका झटका. तरीही हालचाल नसेल तर गाडी स्वतःच चारही इंडिकेटर लावते, लेन धरून वेग कमी करते आणि थांबते. फोक्सवॅगनसारख्या कंपन्यांनी ही सोय साधारण दहा वर्षांपूर्वी मोटारींत आणली.

ब्रेक लावणे यातले सर्वांत सोपे काम आहे. कधी आणि कुठे थांबायचे, हे ठरवणे अवघड. आपल्याकडे रस्त्यावरचे पांढरे पट्टे कधी असतात, कधी पुसलेले असतात. रात्री लेनमध्येच बस उभी राहिली आणि मागून येणाऱ्या ट्रकला ती दिसली नाही तर? हा धोका खरा आहे. तरी बेशुद्ध माणसाचा पाय ॲक्सिलरेटरवर असलेल्या बसपेक्षा दिवे लावून उभी राहिलेली बस मी केव्हाही पत्करेन.

जपानने याचा साधा मार्ग काढला. तिथल्या सरकारने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१८ मध्ये हिनो कंपनीने आपल्या प्रवासी बसमध्ये बटणे दिली. एक चालकाजवळ, दुसरे पुढच्या प्रवाशांच्या हाताला येईल असे. प्रवाशाने बटण दाबले की चालक शुद्धीवर असल्यास त्याला ते रद्द करायला क्षणभर मिळतो. त्याने काही केले नाही तर बस थांबते, हॉर्न वाजतो, आत लाल दिवे लुकलुकतात. बटणाला डोळे ओळखणारा कॅमेरा लागत नाही, पांढरे पट्टेही लागत नाहीत.

आपल्या केंद्र सरकारने मार्च २०२५ मध्ये बस आणि ट्रकसाठी एक मसुदा काढला. त्यात डुलकीचा इशारा देणारी यंत्रणा आहे, समोर अडथळा आल्यावर ब्रेक लावणारीही आहे. पण इशारा ऐकायला चालक शुद्धीवर असावा लागतो, आणि समोर अडथळाच नसेल तर दुसरी यंत्रणाही गप्प राहते. बस सरळ खड्ड्यात उतरली तरी!

जानेवारी २०२२ मध्ये पुणे जिल्ह्यात शिरूर भागात सहलीच्या मिनीबसच्या चालकाला झटका आला. वाघोलीच्या योगिता सातव यांनी कधी बस चालवली नव्हती, तरी त्यांनी स्टीअरिंग हाती घेऊन त्याला रुग्णालयात पोहोचवले. त्यांचे कौतुक झाले, व्हायलाच हवे होते. पण प्रत्येक बसमध्ये एक योगिताताई असेल, या भरवशावर सुरक्षा ठेवता येत नाही.

आता कॅमेऱ्याची दुसरी बाजू. माझे मामू तीस वर्षे ट्रक चालवतात. त्यांना हे सगळे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "बेटा, माझा डोळा लागला हे कॅमेरा सांगेल. मला काल झोपायला किती तास मिळाले, हे कोण सांगेल?" उत्तर अवघड नाही. जी पेटी डुलकी नोंदवते, तीच पेटी गाडी किती तास सलग चालली हेही नोंदवू शकते. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि जास्तीत जास्त पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असे लिहिलेले होते. डुलकीची नोंद मालकाच्या मोबाईलवर जाऊन चालकाचा पगार कापला जाणार असेल आणि तासांची नोंद कुठेच जाणार नसेल, तर चालक कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावणारच. त्याला मी दोष देणार नाही.

सुरुवात एसटीपासून करता येईल. नव्या बसच्या निविदेत प्रवाशांच्या बटणाची अट घाला, आणि डुलकीचा कॅमेरा बसवाल तिथे कामाच्या तासांची नोंदही ठेवा व ती चालकाला पाहायला द्या, एवढेच मागायचे आहे. अंबड आगारात आणि जालन्याच्या आरटीओ कार्यालयात तसे निवेदन देऊ. तांत्रिक भाग मी लिहून देतो. चालकांच्या सह्या गोळा करायला मात्र गावोगावचे मित्र हवेत, आणि त्या सह्या रात्रीच्या ढाब्यांवरच मिळतील.