सरोवर एक, हिस्सेदार पाच

वाचकहो, बांधावरून दोन भावांचे बिनसले की मोजणीदार येतो, हद्दीचे दगड रोवून जातो आणि निदान काही वर्षे तरी घरात शांतता नांदते. जमीन जागची हलत नाही, म्हणून हे जमते. पण वाटायची वस्तूच रातोरात एकाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत पोहत जाणारी असेल तर? असा पेच उत्तर अमेरिकेतल्या लोकांना पडला होता. त्यांनी तो कसा सोडवला, ते आज सांगायचे आहे.

तिकडे इरी नावाचे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. आपल्या राज्यातला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा म्हणजे अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर. त्याच्या दीडपट एवढे हे पाणी! उत्तरेला कॅनडाचा ओंटारिओ प्रांत, तर अलीकडे अमेरिकेची मिशिगन, ओहायओ, पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क ही चार राज्ये. म्हणजे हिस्सेदार पाच. सरोवराचा पश्चिमेकडचा भाग उथळ, म्हणून पाणी लवकर तापते आणि तिथे मासा चांगला वाढतो.

या सरोवरात पूर्वी ब्लू पाइक नावाचा निळसर मासा अमाप मिळे. खायला चवदार, बाजारात मागणी भरपूर. पाचही जण आपापल्या किनाऱ्याने वाटेल तेवढा ओढत होते. मी आज सोडला तर उद्या पलीकडचा धरील, हाच हिशेब ज्याच्या त्याच्या मनात. त्यात शहरांचे आणि कारखान्यांचे घाण पाणी सरोवरात येत होतेच. १९५८ च्या सुमाराला हा मासा एकाएकी मिळेनासा झाला. पुढे १९८३ मध्ये अमेरिकेच्या सरकारने तो नामशेष झाल्याचे जाहीर केले. ती स्वतंत्र जात होती की दुसऱ्या एका माशाचाच निळा प्रकार, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. घालोत बापडे! जाळ्यात तो पुन्हा आला नाही, एवढे खरे.

तो दुसरा मासा म्हणजे वॉलआय. रात्री मांजराचे डोळे चमकतात तसे याचेही चमकतात. पश्चिमेकडच्या उथळ खडकांवर आणि सरोवराला मिळणाऱ्या नद्यांत तो वसंतात अंडी घालतो. यालाही पकडून पकडून विरळ केलेले होते. १९७० मध्ये सरोवरातल्या माशांत कारखान्यांतून आलेला पारा आढळला आणि पश्चिम भागात वॉलआय धरणे बंद करावे लागले. झाले ते विषापायी, पण माशाला उसंत मिळाली आणि त्याची संख्या सावरू लागली. आता पुन्हा पहिल्यासारखेच करायचे का, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला. १९७६ पासून वॉलआय किती धरायचा, याला वार्षिक मर्यादा आली.

मर्यादा ठरते कशी? इथेच खरी गंमत आहे. आपल्या गावतळ्यात मच्छीमार सोसायटी रोहू, कटल्याचे बीज मोजून सोडते, म्हणून निघणार किती याचा अंदाज असतो. इरीत बीज निसर्ग टाकतो, आणि निसर्ग मोजून देत नाही. वसंतात अवकाळी थंडी पडली, वादळे झाली, तर त्या वर्षीची पिल्ले जवळपास बुडाली म्हणायची. हवा साधली तर एकाच वर्षाचे पीक पुढे कितीतरी वर्षे जाळी भरते. २००३ मध्ये असेच झाले, २०१५ मध्येही झाले. म्हणून दर वर्षी ठरलेल्या ठिकाणी जाळी टाकून नमुना काढतात. धक्क्यावर उभे राहून गळवाल्यांना किती मिळाले ते विचारतात, ओंटारिओच्या नौकांच्या नोंदी तपासतात. माशाच्या कानात एक बारीक हाड असते, त्यावर झाडाच्या खोडासारखी वर्षाची वर्तुळे उमटतात. ती मोजली की वय कळते. कोणत्या वयाचे किती शिल्लक, याचा ताळा पाचही सरकारांची माणसे एकत्र बसून करतात.

मग मार्चअखेरीस बैठक होते आणि वर्षाचा आकडा ठरतो. २००४ मध्ये तो अवघा २४ लाख मासे होता. २०२१ मध्ये सुमारे १ कोटी २३ लाख. एका वर्षात आकडा वीस टक्क्यांहून जास्त वर-खाली करायचा नाही, असाही दंडक आहे. मासा कितीही दिसला तरी हाव आवरलेली, आणि कमी दिसला तरी मच्छीमाराच्या चुलीवर एकदम पाणी ओतलेले नाही. हा दंडक मला फार आवडला.

वाटणी लागते ती ज्याच्या हद्दीत जेवढे पाणी त्या प्रमाणात. पूर्वेकडच्या खोल भागात वॉलआय कमी, म्हणून पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क या वाटणीत नाहीत. ओहायओला शेकडा ५१.११, ओंटारिओला ४३.०६ आणि मिशिगनला ५.८३. २०२१ च्या आकड्यातून मिशिगनच्या वाट्याला सात लाखांच्या आसपास मासे आले, तर ओहायओला बासष्ट लाखांवर. मिशिगनने कुरकुर करावी असे हे आकडे. पण मासा कुणाच्या हद्दीत जन्मला, हे सिद्ध करत बसण्यापेक्षा पाणी मोजणे सोपे.

आपल्या वाट्याचे काय करायचे, हे ज्याने त्याने ठरवायचे. ओंटारिओत नौका मोठाली जाळी लावतात आणि प्रत्येक परवानेदाराला त्याचा कोटा असतो. ओहायओत वॉलआय जाळ्याने धरून विकायला बंदी. तो गळवाल्यांचा, आणि त्यांनाही दिवसाला सहा मासे, प्रत्येक किमान पंधरा इंचांचा. गळवाल्यांना पलीकडची जाळी खुपतात. जाळीवाले म्हणतात, आमचे पोट यावर आहे, तुमची हौस. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि हा वाद टक्केवारीने मिटत नाही.

आणखी एक गोष्ट. ही वाटणी मोडली तर शिक्षा देणारे कोर्ट नाही. सरोवरांच्या माशांसाठी दोन्ही देशांनी १९५४ मध्ये करार करून आयोग नेमला, पण किती धरायचे हे सांगण्याचा अधिकार त्याला दिला नाही, कारण तो सोडायला राज्ये तयार नव्हती. १९८१ मध्ये त्यांनी आपसांत एक योजना लिहून काढली. त्यात ठरले ते एवढेच, की निर्णय सगळ्यांच्या संमतीने घ्यायचे. आपल्याकडे कृष्णेच्या पाण्यासाठी लवाद बसवावा लागला. तिकडे सगळी भिस्त दर वर्षीच्या बैठकीवर.

शेतकरी मंडळींनी ध्यानात घ्यावी अशी एक बाब राहिली. पश्चिमेकडच्या शेतांतून वाहून आलेल्या खतातल्या स्फुरदाने सरोवरात विषारी हिरवे शेवाळ माजते. ऑगस्ट २०१४ मध्ये त्यापायी टोलेडो शहराचे नळाचे पाणी दोन-तीन दिवस पिण्याला बंद होते. मासे मोजून धरण्याची रीत बसली, पण शेतातून किती खत वाहू द्यायचे, यावर तिकडे अजून झगडा चालू आहे. त्याविषयी पुन्हा केव्हातरी.