कडा करपा : औषधाची बाटली की वाणाची निवड?

भाताच्या पानांच्या कडा शेंड्याकडून खाली पिवळ्या पडत जाऊन वाळलेल्या गवतासारख्या दिसू लागल्या, म्हणजे शेतकरी औषधाच्या दुकानाची वाट धरतो. ह्यात त्याला दोष देता येणार नाही. रोग दिसला की औषध मारावे, ही शिकवण त्याला अनेक वर्षे मिळत आली आहे. परंतु कडा करप्याच्या बाबतीत ही शिकवण अपुरी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ह्या रोगाचा जिवाणू पिकात शिरून काय करतो हे समजून घेतले, तर त्याच्याशी खरा सामना फवारणीच्या पंपाने नव्हे, बियाणे निवडतानाच करावयाचा असतो, हे कोणासही पटेल.

हा रोग जपानमध्ये १८८४ च्या सुमारास प्रथम नजरेस आला. भारतातील त्याची शास्त्रीय नोंद १९५९ साली झाली, व ती आजच्या महाराष्ट्रातील भातावरून. पुढे १९६३ साली बिहारमधील शहाबाद जिल्ह्यात त्याची मोठी साथ आली. म्हणजे हा शत्रू आपणांस नवा नाही. मात्र तो आपले काम कसे साधतो, ह्याचा उलगडा गेल्या चाळीस वर्षांतच झाला आहे.

भाताच्या पानाच्या कडेस सूक्ष्म जलरंध्रे असतात. त्यांतून, किंवा वाऱ्यापावसाने झालेल्या जखमांतून, जिवाणू आत शिरतो आणि पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांत वाढतो. रोगट पानाचा ताजा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात उभा धरला, तर कापलेल्या टोकातून दुधट धार उतरताना दिसते. ती धार म्हणजे जिवाणूंचा लोंढाच होय. पानावर मारलेले औषध ह्या नलिकांत पुरेसे पोहोचत नाही. फवारणीवर सर्वस्वी विसंबू नये, ह्याचे पहिले कारण हे.

दुसरे कारण अधिक खोल आहे. ज्याप्रमाणे बैलाचा बांधा किंवा भाताचा दाणा पिढ्यान्‌पिढ्या जनुकांमुळे ठरतो, त्याचप्रमाणे जिवाणूची रोग निर्माण करण्याची शक्तीही त्याच्या जनुकांत लिहिलेली असते. १९८६ साली कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी घेवड्यावरील एका जिवाणूचा अभ्यास करताना असे दाखवून दिले, की त्याच्या जनुकांचा एक विशिष्ट गट बिघडविला, तर जिवाणू प्रयोगशाळेत नीट वाढतो, परंतु घेवड्यावर रोग निर्माण करू शकत नाही. तशाच जनुकांचा गट कडा करप्याच्या जिवाणूतही आहे. त्या जनुकांच्या आधारे जिवाणू सुईसारखी एक पोकळ नळी उभारतो आणि तिच्यातून आपली प्रथिने भाताच्या पेशीत सोडतो.

विशेष हे, की ही जनुके सदासर्वकाळ जागी नसतात. नांगरणी संपली की शेतकरी नांगर पडवीत ठेवतो. जिवाणूचेही तसेच आहे. भरपूर अन्न असलेल्या प्रयोगशाळेतील बशीत ही जनुके निद्रिस्त असतात. पिकाच्या अंगात प्रवेश झाला, की तेथील परिस्थिती ओळखून नियंत्रक जनुके जागी होतात व ती इतरांना कामाला लावतात. आपल्या डोळ्यांना कडा पिवळी दिसते, तेव्हा हे सारे काम होऊन गेलेले असते.

पेशीत सोडलेल्या प्रथिनांपैकी काही तर थेट भाताच्या जनुकांपर्यंत जाऊन पोहोचतात. त्यांतील एक प्रथिन भाताचे साखर बाहेर सोडणारे जनुक चालू करते, व ती साखर जिवाणूच्या तोंडी पडते. घरच्याच माणसाकडून कणगीचे तोंड उघडवून घेणाऱ्या चोराची ही युक्ती आहे.

ह्याच ज्ञानातून उपायही हाती आला. भाताच्या काही वाणांत त्या साखरेच्या जनुकाचा आरंभीचा भाग निराळा असतो. जिवाणूच्या प्रथिनास तेथे पकड मिळत नाही आणि कणगी बंद राहते. ह्या गुणास शास्त्रज्ञ ‘एक्सए-१३’ म्हणतात. आफ्रिकेतील एका जंगली भातातून मिळालेले ‘एक्सए-२१’ हे जनुक जिवाणूची चाहूल लागताच पेशीस सावध करते. ‘एक्सए-५’ चा मार्ग आणखी वेगळा आहे. हैदराबाद येथील संशोधन संस्थांनी ही तिन्ही जनुके संकर व निवड ह्या मार्गाने सांबा मसुरी वाणात आणली व २००८ साली सुधारित सांबा मसुरी प्रसारित झाली.

तीन जनुके एकत्र कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर फिलिपाईन्सच्या अनुभवात आहे. तेथे ‘एक्सए-४’ हे एकच जनुक असलेले वाण विस्तीर्ण क्षेत्रावर दीर्घकाळ लावले गेले. परिणामी त्या जनुकाला न जुमानणारे जिवाणू वाढले व वाणाची प्रतिकारशक्ती ढासळली. एका जनुकाशी जुळवून घेण्यास जिवाणूस थोडासा बदल पुरतो. तीन निरनिराळ्या जनुकांना एकाच वेळी चुकविणे त्यास फार अवघड जाते.

म्हणून माझी सूचना अशी आहे. बियाण्याच्या पिशवीवर व शिफारशीच्या पत्रकावर नुसते ‘रोगप्रतिकारक’ असे छापणे पुरेसे मानू नये. प्रतिकार कोणत्या रोगास, कोणत्या जनुकामुळे, आणि जनुक एक की अनेक, हेही तेथे छापले जावे. शेतकऱ्यास हे आकडे कळणार नाहीत, असा आक्षेप घेतला जाईल. मला तो मान्य नाही. १०:२६:२६ म्हणजे काय, हे आज लहान खातेदारही जाणतो व दुकानदारास तसे ठणकावून सांगतो. खताचे आकडे ज्याने आत्मसात केले, त्यास वाणाचे दोन-तीन आकडे जड जाणार नाहीत. ही माहिती हाती असली, तर एकाच जनुकावर सारे गाव विसंबून राहण्याचा धोका ग्रामसभेतही समजावून देता येईल.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे. आपल्या चवीचा व आपल्या जमिनीस मानवणारा प्रत्येक वाण अशा जनुकांसह मिळत नाही. हे खरे आहे. तोवर मशागतीची शिस्त पाळणे आपल्या हाती आहे. लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे छाटू नयेत, कारण प्रत्येक छाट म्हणजे जिवाणूस उघडलेले दार होय. नत्र एकदम न देता हप्त्याहप्त्याने व शिफारशीइतकेच द्यावे. रोगट खाचरातील पाणी शेजारच्या खाचरात सोडू नये. बांधावरील तण व कापणीनंतरचे रोगट अवशेष राहू देऊ नयेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांवर ह्यात मोठी जबाबदारी आहे. आपल्या गावात कोणता वाण कोठे लावला, त्यावर कडा करपा आला की नाही, व आला तर केव्हा, ह्याची नोंद प्रत्येक खरिपात ठेवावी. पूर्वी हिरवा राहणारा वाण एखाद्या वर्षी करपू लागला, तर जिवाणूत बदल झाला असण्याचा तो पहिला इशारा समजावा. अशा वेळी रोगट पानांचे नमुने कोकणात कर्जत येथील, व पूर्व विदर्भात सिंदेवाही किंवा साकोली येथील भात संशोधन केंद्राकडे विनाविलंब पोहोचवावेत. नवा वाण तयार होण्यास वर्षे लागतात. इशारा जितका लवकर मिळेल तितके ते काम लवकर सुरू होईल.

जिवाणू आपली हत्यारे गरजेपुरतीच बाहेर काढतो व परिस्थिती पाहून ती बदलतो. आपणही तितकेच सावध असले पाहिजे. येत्या हंगामात बियाणे घेताना शेतकरी बंधुभगिनींनी किमतीबरोबर आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा : “ह्या वाणात कडा करप्याविरुद्ध कोणते जनुक आहे?” हा प्रश्न गावोगाव विचारला जाऊ लागला, म्हणजे त्याचे उत्तर पिशवीवर छापणे सर्वांनाच भाग पडेल.