नाच नव्हे, हालचालीचे शिक्षण

एका पालकसभेत एका गृहस्थांनी उभे राहून विचारले, "मुले शिकायला ठेवली आहेत, त्यांना नाचायला का लावता?" काही जण हसले. आम्हांला मात्र हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. आपल्या समाजातील कित्येक घरांच्या वाट्याला नाचगाणे हौसेने नव्हे, तर जातीने आले. दुसऱ्याची करमणूक करायची आणि वर त्याच्याकडूनच हिणवून घ्यायचे, ही आठवण त्या प्रश्नामागे होती.

परंतु याच समाजाने त्या कलेचे रूपही पालटले आहे. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमाशाचा घाट घेऊन आंबेडकरी जलसे उभे केले. करमणुकीच्या त्याच साधनातून स्वाभिमानाचा विचार वस्त्यावस्त्यांत पोहोचला. दोष कलेचा नव्हता. ती कोणासाठी आणि कोणाच्या इच्छेने सादर होते, हा खरा प्रश्न होता.

म्हणूनच स्नेहसंमेलनासाठी चित्रपटातील गाणे लावून पडद्यावरच्या हालचाली घोटून घेणे आम्हांलाही मान्य नाही. त्यात मूल नक्कल करते, विचार करीत नाही. आम्ही ज्याचा आग्रह धरतो ते वेगळे आहे. रुडॉल्फ लाबान यांनी १९४८ साली शैक्षणिक नृत्यावर ग्रंथ लिहिला. हालचालीकडे अवकाश, वजन, वेळ आणि ओघ या चार अंगांनी पाहावे, ही त्यांची मांडणी होय. वर्गात ती अगदी साधी होते. कोणालाही धक्का न लावता सभागृहभर चाला. आता संथ, आता झपाट्याने. जड पोते उचला; आता हवेत तरंगणारे पीस झेला. पावसाळ्यातील पवनेचे पाणी अंगाने दाखवा. पाच जणांनी मिळून एक यंत्र व्हा. थेरगावच्या आसपास कारखान्यांत राबणाऱ्यांची मुले हे यंत्र चटकन उभे करतात, कारण घरी त्यांनी बापाच्या हातांना झालेली सवय पाहिलेली असते. येथे कोणाचे चुकत नाही. मात्र प्रत्येकाला स्वतः ठरवावे लागते आणि शेजाऱ्याकडे लक्ष द्यावे लागते.

उपोसथाच्या दिवशी पाळावयाच्या अष्टशीलात नृत्य-गीतापासून विरत राहण्याचा नियम आहे, याकडेही काहींनी लक्ष वेधले. तो संयम आम्हांला आदरणीय आहे. परंतु दैनंदिन पंचशीलात तसा नियम नाही. शिवाय आपल्या शरीराकडे सावधपणे पाहणे हे धम्माला परके नाही. सतिपट्ठानाचा आरंभच कायानुपश्यनेने होतो.

वसतिगृहातील मुलाचा दिवस घंटेवर चालतो. उठणे, रांग, जेवण, अभ्यास, झोप या सर्वांत त्याचे शरीर केवळ आज्ञा पाळते. आठवड्यातून एक तास तरी ते शरीर त्याचे स्वतःचे असावे, एवढीच आमची मागणी आहे. त्या तासाला गुण नसावेत, स्पर्धा नसावी, प्रेक्षक नसावेत. मुले आणि मुली दोघेही असावेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०नेही अभ्यास आणि अभ्यासेतर यांतील भिंत दूर करण्यास सांगितले आहे.

माजी विद्यार्थ्यांनी देणगी जरूर द्यावी. पण एखाद्या तासाला येऊन मागे बसावे, अशी आमची अधिक इच्छा आहे. सभेत प्रश्न विचारणाऱ्या त्या पालकांनाही आम्ही हेच निमंत्रण दिले आहे.