शिक्षककक्षातील पत

बाजारपेठेत पत ही भांडवलाहून मोठी मानली जाते. भांडवल कर्जाने उभे करता येते. पत मात्र वर्षानुवर्षे वेळेवर चुकत्या केलेल्या लहानसहान देण्यांतूनच उभी राहते आणि एका बुडविलेल्या देण्याने ढासळते. व्यापारी घराण्यांना हे निराळे सांगावे लागत नाही. परंतु याच घराण्यांतील सद्गृहस्थ शाळांचे विश्वस्त होतात, लेकी-सुना मुख्याध्यापिका होतात, तेव्हा हा परिचित नियम शाळेच्या उंबरठ्यावर विसरला जाण्याचा संभव असतो. इमारत, संगणककक्ष, दहावीच्या निकालाची टक्केवारी यांचा हिशेब चोख असतो. शिक्षकांच्या मनात संस्थेची पत किती, याची नोंद मात्र कोणत्याच वहीत नसते.

या नोंदीचे मोल किती, हे अमेरिकेतील एका अभ्यासाने दाखवून दिले आहे. शिकागो शहरातील प्राथमिक शाळांचा दीर्घकाळ अभ्यास करून अँथनी ब्रिक व बार्बरा श्नायडर यांनी २००२ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. १९९४ साली ज्या शाळांत परस्परविश्वास बळकट होता, त्यांच्यापैकी साधारणतः दोनांत एक शाळा पुढे वाचन व गणितात सुधारली. जेथे विश्वास अगदी क्षीण होता, तेथे हे प्रमाण सातांत एक इतकेच होते. विश्वास स्वतः गणित शिकवीत नाही. परंतु नवी पद्धत वर्गात करून पाहण्याचे, ती फसली तर सहकाऱ्यापाशी तसे सांगण्याचे धाडस शिक्षकाला विश्वासामुळेच येते.

शाळेतील माणसे एकमेकांना चार गोष्टींवरून जोखतात, असे या अभ्यासकांना आढळले: आदर, कामातील कसब, व्यक्तिगत आस्था आणि सचोटी. यांतील एकही गोष्ट भाषणाने सिद्ध होत नाही. शिक्षकाचे म्हणणे सभेत पुरते ऐकून घेणे आणि ते न स्वीकारल्यास त्याचे कारण सांगणे, हा आदर. वेतनाची देयके वेळेवर पाठविणे, सेवापुस्तिकेतील नोंदी अद्ययावत ठेवणे, हे मुख्याध्यापकाचे कसब. घरी आजारपण असलेल्या शिक्षिकेचा रजेचा अर्ज समोर येताच आधी प्रकृतीची चौकशी करणे, ही आस्था. सचोटीची परीक्षा तर रोज सकाळी वेळापत्रकाच्या फळ्यावर होते. गैरहजर शिक्षकाचे बदली तास सर्वांना सारखे वाटले जातात, की विश्वस्तांच्या नात्यातील शिक्षिकेला सदैव मोकळीक आणि इतरांना सलग पाच तास, हे सारा शिक्षकवर्ग मूकपणे पाहत असतो.

याहून कठीण प्रसंग पेढीवरून येतो. परिचित पालक विश्वस्तांना भेटून मुलाच्या गुणांविषयी तक्रार करतो. विश्वस्त तत्काळ मुख्याध्यापकांना दूरध्वनी करतात. अशा वेळी जो मुख्याध्यापक त्या शिक्षकाला पालकासमक्ष उभे करून जाब विचारतो, तो एका शिक्षकाला नव्हे, संपूर्ण शिक्षककक्षाला गमावतो. त्या दिवसापासून सारे स्वतःला जपून वागू लागतात. खरी अडचण कोणी सांगत नाही आणि त्याची झळ अखेर मुलांना लागते. याउलट, ‘आधी शिक्षकांचे ऐकून घेतो, दोन दिवसांत कळवितो’ असे सांगणारा आणि खरोखरच दोन दिवसांत कळविणारा मुख्याध्यापक दोन्हीकडे पत मिळवितो. शिक्षकाची चूक असेल तर ती एकांतात, स्पष्ट शब्दांत सांगितलीच पाहिजे. चुकांवर पांघरूण घालणे म्हणजे विश्वास नव्हे. विश्वस्तांनीही आपल्या दुकानातील मुनिमाला डावलून ग्राहकाला परस्पर शब्द दिला तर पेढीचे काय होईल, एवढाच विचार करावा.

विश्वासानंतर येते सहकार्य, आणि तेथे जैन परंपरेचा अनेकान्त उपयोगी पडतो. आठवीतील एक मुलगा एकाएकी मागे पडतो. गणिताच्या शिक्षकांना कच्चा पाया दिसतो, वर्गशिक्षिकेला घरातील तणाव जाणवतो, लिपिकाला हजेरीतील खंड माहीत असतो; फाटकावरील शिपायाने तर त्याला रोज उपाशी येताना पाहिलेले असते. हत्ती आणि आंधळ्यांच्या दृष्टान्ताप्रमाणे प्रत्येकाचे ज्ञान खरे, पण अपुरे असते. सभेत मुख्याध्यापकांनी प्रथम निर्णय सांगितला तर ही ज्ञाने एकत्र येतच नाहीत. म्हणून सर्वांत कनिष्ठाने प्रथम बोलावे आणि प्रमुखाने सर्वांत शेवटी, ही साधी शिस्त फार फलदायी ठरते.

तरीही माणसे मनापासून साथ देतात ती प्रमुखाचे आचरण पाहून. कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहू-जेवू लागली. त्या मुलांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही दिले. पुढे आजीव सेवक म्हणून आयुष्य संस्थेला वाहणाऱ्या कार्यकर्त्यांची फळी उभी राहिली, ती केवळ आज्ञेने नव्हे. ज्याने प्रथम स्वतःचे घर रिते केले, त्याच्या शब्दाला वजन होते. आजच्या मुख्याध्यापकाकडून एवढ्या त्यागाची अपेक्षा नाही. सर्वांत अवघड वर्गाचा एक तास त्यांनी स्वतःकडे घेतला, तरी त्याचा अर्थ शिक्षकांना कळतो.

जीवांनी परस्परांना साहाय्यक व्हावे, ही तत्त्वार्थसूत्राची शिकवण शाळेइतकी अन्यत्र क्वचितच प्रत्यक्षात येते. दिवाळीत पेढीवर जुन्या वहीचे हिशेब मिटवून नवी वही उघडली जाते. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. त्या पहिल्या सभेत शिक्षकांसमोर नवी उद्दिष्टे मांडण्यापूर्वी, गतवर्षी त्यांना दिलेल्या शब्दांपैकी किती पाळले आणि किती राहिले, हे मुख्याध्यापकांनी व विश्वस्तांनी वाचून दाखवावे. येणे मागण्याचा अधिकार देणे चुकविणाऱ्यालाच असतो.