एका संख्येला एक तास द्या

आठवीच्या वर्गात मी फळ्यावर एकच संख्या लिहिते, १४२८५७, आणि म्हणते, हिच्याबद्दल सापडेल ते सांगा. मार्क नाहीत, घाई नाही. विभाज्यतेच्या कसोट्या आपण मुलांकडून पाठ करून घेतो, दोन मार्कांना विचारतो आणि सोडून देतो. त्या कशासाठी होत्या हे अशा एखाद्या संख्येपाशी कळतं.

अंकांची बेरीज २७, म्हणजे तीनने भाग जातो, नऊनेही जातो. कुणी अकराची कसोटी लावतं, कुणी तेराने भागून बघतं, आणि ३ × ३ × ३ × ११ × १३ × ३७ असे मूळ अवयव हाती येतात. दोनने गुणलं की २८५७१४, तीनने ४२८५७१. अंक तेच, क्रम तोच, सुरुवात तेवढी वेगळी. सहापर्यंत हे चालतं; सातने गुणलं की थेट ९९९९९९.

मग मी देवळालीच्या द. रा. कापरेकरांकडे वळते. नाशिकला १९३० ते १९६२ शाळेत शिकवणारा हा माणूस संख्यांची कुळं शोधत राहिला. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी नाव दिलं हर्षद. १४२८५७ भागिले २७ बरोबर ५२९१, म्हणजे ही हर्षद. हिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्यातले २०४०८ आणि १२२४४९ मिळवा, संख्या परत येते. अशा संख्यांना जगभर कापरेकर संख्या म्हणतात.

तिसरं कुळ मला सर्वांत मोलाचं वाटतं. २१ मध्ये तिच्याच अंकांची बेरीज ३ मिळवली की २४ येतात, म्हणून २१ ही २४ ची जनक. जिला जनकच नाही ती स्वयंभू. १४२८५७ ला जनक असेलच, तर त्याच्या अंकांची बेरीज नऊच्या पाढ्यातलीच हवी, आणि सहा अंकांची बेरीज ५४ च्या वर जात नाही. म्हणजे १४२८४८ पासून नऊ-नऊने उतरत १४२८०३ पर्यंत सहाच संख्या तपासायच्या. सहाही चुकतात. संख्या स्वयंभू ठरते.

‘ही करमणूक झाली, पोर्शन कधी संपणार?’ असं शिक्षकच विचारतात. माझं उत्तर ठाम आहे. एखादी गोष्ट सापडली नाही आणि ती असूच शकत नाही, यांतला फरक ही मुलं इथे स्वतःच्या हाताने शिकतात. सिद्धता म्हणजे हेच. पाठ केलेल्या प्रमेयांतून ते क्वचितच पोहोचतं. कापरेकरांचं नाव घेऊन ६१७४ ची गंमत दाखवायची आणि पुढे जायचं, हे मला पुरेसं वाटत नाही. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं. आपल्या वर्गात त्यांना महिन्यातून एक तास तरी मिळायला हवा.

गणिताच्या शिक्षकांनी ७०३ पासून सुरुवात करावी. ती कापरेकर संख्या आहे, हर्षद नाही. स्वयंभू आहे का, हे मुलांना ठरवू द्या.