‘आईला सांगूं नका’

आपल्या सुशिक्षित घरांतून आजारपणासंबंधीं जीं कांहीं वाक्यें पिढ्यान्‌पिढ्या वापरून गुळगुळीत झालीं आहेत, त्यांत ‘आईला सांगूं नका’ ह्या वाक्याचा मान पहिला लागेल. दवाखान्याच्या व्हरांड्यांत तें हलक्या आवाजांत उच्चारलें जातें, ऐकणारे माना डोलावतात, आणि त्या घटकेपासून त्या घराचें नाटकगृह होतें. हें वाक्य दयेचें आहे असें सर्वांनीं गृहीत धरलेलें असतें. माझें म्हणणें असें कीं, तें दयेचें नसून सोयीचें आहे, आणि ती सोय आईची नसून आपली आहे. हें म्हणण्याचा अधिकार मीं पुस्तकें वाचून मिळविलेला नाहीं. पांच महिने तें वाक्य इमानेंइतबारें पाळून मिळविला आहे.

माझा धाकटा भाऊ लातुरास शिक्षक होता. मी नोकरीमुळें नांदेडास. वडील जाऊन बरींच वर्षें झालीं; आई, वय ८२, भावाकडेच राहत असे, कारण लातूर सोडून तिला कोठें करमत नसे. गेल्या वर्षीं आषाढांत भावाचें पोट दुखूं लागलें, अन्न नकोसें झालें, आणि तपासण्यांचें नेहमींचें चक्र फिरून जठराचा कर्करोग निघाला, तोही यकृतापर्यंत पोंचलेला. ज्या डॉक्टरांनीं हें सांगितलें त्यांनीं भावाला आंतच बसवून मला बाजूला घेतलें. औषधानें कांहीं महिने मिळतील, रोग जाणार नाहीं, असें सांगून ते म्हणाले, ‘पेशंटला इतक्यांत कांहीं बोलूं नका, आणि आईला तर नाहींच.’ त्याच रात्रीं आमच्या मामांच्या अध्यक्षतेखालीं वडीलधाऱ्यांची बैठक भरली. ज्याचा देह आणि जिचा मुलगा, तीं दोघें सोडून बाकी सर्वांचीं मतें घेण्यांत आलीं, आणि आईला ‘पोटांत व्रण झाला आहे’ असें सांगावें, असा ठराव एकमतानें पास झाला. भावाच्या माघारीं आईला नांदेडास न्यावें, हेंही त्याच बैठकींत ठरून गेलें. मुलाचें मरणच जिला सांगावयाचें नाहीं, तिला तिचें पुढचें घर तरी कशाला विचारा!

असत्याचा एक गुण असा कीं, तें एकटें राहत नाहीं. त्याला प्रपंच लागतो. कर्करोग कां झाला, ह्याला उत्तर नसलें तरी चालतें. व्रणाला मात्र कारण लागतें, आणि तें घरोघर ठाऊक असतें: तिखट. आमच्याकडच्या स्वयंपाकांत तिखटाला तोटा नाहीं, आणि स्वयंपाक करणारी कोण, तर माझी भावजय. दुसऱ्याच आठवड्यांत आईनें निकाल देऊन टाकला: ‘हजारदा सांगितलं होतं, काळं तिखट हात राखून घाल म्हणून!’ नवऱ्याचें मरण जिला ठाऊक आहे, जी दिवसा त्याच्या रजेचे अर्ज आणि रात्रीं उलटीचें भांडें सांभाळते आहे, तिनें हें मान खालीं घालून ऐकून घ्यावयाचें; कारण तिनें तोंड उघडलें तर आमचा ठराव मोडतो. आम्ही पुरुषमंडळी शेजारच्या खोलींत बसून हें ऐकत होतों, आणि तिच्या सोशिकपणाची वाखाणणी करीत होतों. आई स्वतः अळणी भात शिजवूं लागली. तिनें सोमवार धरले. गुडघे बोलत असतांना सिद्धेश्वराच्या देवळांत जाऊं लागली. आपल्या हातचें खाऊनही मुलगा सुधारत नाहीं, ह्याचा दोष तिनें मग स्वतःकडे घेतला. आमच्या दयेच्या एका शब्दानें घरांत एक आरोपी आणि एक अपराधी, अशा दोन बायका निर्माण केल्या.

मी दर शनिवारीं एस.टी.नें नांदेडहून निघें. लोहा, अहमदपूर, चाकूर ह्या वाटेवर माझा अभ्यास चाले: आई काय विचारील, मीं काय सांगावें, मागच्या खेपेस काय सांगितलें होतें. खोटें बोलणाराची स्मरणशक्ति तल्लख असावी लागते, माझी नाहीं. म्हणून मीं पळवाट काढली. लातुरास पोंचल्यावर मी आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोजीं, तिच्या चष्म्याची काडी बसवून आणीं, विजेचें बिल भरीं. तिच्यासमोर बसणें सोडून तिच्यासाठीं सर्व कांहीं करीं. आईला सांभाळण्याच्या नांवाखालीं मी आईला टाळीत होतों. माझ्यासारखे मुलगे घरोघर आहेत, आणि ते सर्व स्वतःस मोठे कर्तव्यतत्पर समजतात.

भावाला कांहीं ठाऊक नाहीं, असेंही आम्ही धरून चाललों होतों. शाळेंत विज्ञान शिकविणाऱ्या माणसाला स्वतःच्या तपासणीचा कागद वाचतां येत नाहीं, असें समजण्याइतके आम्ही शहाणे! तिसऱ्या महिन्यांत एका रात्रीं तो मला म्हणाला, ‘अण्णा, तुला नाटक जमत नाही. सोडून दे.’ त्याला पहिल्याच दिवशीं सर्व कळलें होतें. मला सोसवणार नाहीं म्हणून तो गप्प होता. मग त्यानें वहींत टिपून ठेवलेलीं कामें वाचून दाखविलीं. भविष्यनिर्वाह निधीच्या कागदांवर लग्नापूर्वींचेंच नांव राहिलें होतें, तें बदलावयाचें. घराच्या कर्जाचे हप्ते. मुलीनें बारावीनंतर काय करावें. शेवटीं लिहिलें होतें, ‘आईशी एकदा नीट बोलणे.’ पहिलीं कामें आम्हीं आठवड्याभरांत उरकलीं. शेवटच्यास मामांची संमति नव्हती, आणि मामांचा शब्द मोडण्याचें धैर्य मला नव्हतें.

आतां प्रतिपक्षाकडे वळूं. त्यांचा पहिला मुद्दा संस्कृतीचा. मरणाचें तोंडावर सांगणें ही म्हणे पाश्चात्यांची रीत, आपल्याकडे तें बसत नाहीं. हा मुद्दा माहितीपुढें टिकत नाहीं. १९६१ सालीं शिकागोच्या एका रुग्णालयांतील डॉक्टरांना विचारलें असतां त्यांतील सुमारें ९० टक्क्यांनीं, कर्करोग झाल्याचें रोग्याला न सांगणेंच आपण पसंत करतों, असें उत्तर दिलें होतें. तीच प्रश्नावली पुढें दुसऱ्या एका अमेरिकन रुग्णालयांत दिली गेली, आणि १९७९ सालीं प्रसिद्ध झालेल्या उत्तरांत ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत जी पालटते ती संवय. तिला संस्कृतीचें मोठें नांव देऊं नये. आणि आपल्याकडचेंच पाहावयाचें तर थोरले माधवराव पेशवे पाहा. राजयक्ष्म्यानें खंगलेल्या ह्या २७ वर्षांच्या पुरुषानें थेऊरच्या मुक्कामीं आपला अंत ओळखला, राज्यावरील कर्जाच्या फेडीची व्यवस्था लावली, धाकट्या नारायणरावाचा हात चुलत्याच्या हातीं दिला, आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं डोळे मिटले. ती व्यवस्था पुढें वर्षभरही टिकली नाहीं, हा इतिहासाचा भाग निराळा. पण भोंवतालच्या मुत्सद्द्यांनीं ‘श्रीमंतांना केवळ व्रण झाला आहे’ असा ठराव केला असता, तर ती लावण्याचीही सवड त्यांना मिळाली नसती.

दुसरा मुद्दा म्हाताऱ्या आईच्या काळजाचा. ‘ह्या वयांत तिला सोसवणार नाहीं.’ हें ऐकून मला दुःखापेक्षां संताप अधिक येतो. वर ज्यांचें नांव आलें त्याच माधवरावांच्या आई गोपिकाबाई. जानेवारी १७६१ मध्यें पानिपतावर थोरला विश्वासराव गेला, जूनमध्यें पति नानासाहेब गेले, १७७२ मध्यें माधवराव, आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव मारला गेला. त्यानंतर ती बाई १७८८ पर्यंत जगली. तिला काय वाटलें असेल तें सांगण्याचा आव मी आणीत नाहीं. ती सोसूं शकली, एवढेंच म्हणतों. आणि इतक्या लांब कशाला जा? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीची जमीन हालली. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद ह्या जिल्ह्यांत सुमारें दहा हजार माणसें दगडमातीच्या भिंतींखालीं गेलीं. माझ्या आईच्या थोरल्या बहिणीचें घर औसा तालुक्यांतच होतें. आई दुसऱ्या दिवशीं तेथें गेली. ढिगाऱ्यांतून निघालेल्या देहांत आपलीं माणसें तिनें ओळखलीं, आणि एकाच चितेवर अनेकांना अग्नि दिलेला पाहून ती परत आली. त्या वेळीं हे आमचे मामा, ‘ताई, तूं पुढें हो,’ असें म्हणाले होते. जिला १९९३ सालीं प्रेतें ओळखावयास पुढें केलें, तिला आपल्या पोटच्या मुलाचा आजार काय तो ओळखूं द्यावयाचा नाहीं!

तिसरा मुद्दा आशेचा, आणि येथें केवळ भावनेचा प्रश्न राहत नाहीं, वेदनेचा होतो. चौथ्या महिन्यांत भावाला दुखणें असह्य झालें. कर्करोगाच्या वेदनेवर पायरीपायरीनें औषध वाढवीत मॉर्फीनपर्यंत जावें, अशी पद्धति जागतिक आरोग्य संघटनेनें १९८६ सालींच सांगून ठेवली आहे. ज्या अफूपासून तें निघतें ती आपल्याच देशांत, मंदसौर-नीमचकडे, सरकारी परवान्यानें पिकते. पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानें परवान्यांचें असें रान माजविलें कीं, दवाखान्यांनीं तें ठेवणेंच सोडून दिलें. २०१४ सालीं संसदेनें तो कायदा सुधारून मान्यताप्राप्त रुग्णालयांची वाट मोकळी केली. कायदा मोकळा झाला तरी कपाटें रिकामींच राहिलीं, हा आमचा अनुभव. केरळांत हें असें नाहीं. तेथें १९९३ सालीं कालिकतास कांहीं डॉक्टर आणि स्वयंसेवक ह्यांनीं वेदनाशमनाचें काम आरंभिलें, तें घरोघर पोंचलें, आणि २००८ सालीं त्या राज्यानें त्यासाठीं स्वतंत्र धोरणच आंखलें. आमच्या बाजूचा रोगी बार्शीला जातो, संभाजीनगरला जातो, मुंबईला टाटा रुग्णालयांत जातो. रोग बरा होण्याची भाषा आहे तोंवर सर्व वाटा मोकळ्या, आणि ती संपली कीं त्याला घरीं आणून ‘आतां सेवा करा’ असें सांगतात. सेवा म्हणजे काय, तर कण्हणें ऐकत बसणें.

ह्यांत सरकारचा दोष आहेच. परंतु आमचा त्याहून मोठा आहे. मॉर्फीन मागावयाचें तर ‘हा आतां बरा होणार नाहीं’ हें कोणीतरी मोठ्यानें म्हणावें लागतें. घरांत व्रणाचें नाटक चालूं असतां तें कोण म्हणणार? व्रणाला एवढें जालीम औषध कां, ह्याचें उत्तर आईला काय देणार? म्हणून माझा भाऊ कण्हत राहिला, आणि आम्ही आशा जागवीत राहिलों. आमच्या आशेचें मोल त्यानें आपल्या देहानें भरलें.

कांहीं रोग्यांना खरोखरच ऐकावयाचें नसतें, हें मला मान्य आहे. त्यांच्यावर सत्य लादणें ही दुसरी क्रूरता होय. पण त्यांना विचारा तरी! किती कळलेलें तुम्हांला हवें आहे, हा प्रश्न ज्याचा देह त्याला विचारावयाचा कीं त्याच्या मामाला? डॉक्टरांसाठीं २००२ सालीं केलेल्या आचारनियमांत रोग्याच्या स्थितीचें गांभीर्य वाढवूंही नये व कमीही करूं नये, असें म्हटलें आहे. मात्र तेथेंच रोगी, नातेवाईक किंवा जबाबदार स्नेही असे तिघे एका ओळींत बसविल्यामुळें आमच्यासारख्या नातेवाइकांचें फावतें. सर्वोच्च न्यायालयानें ९ मार्च २०१८ रोजीं, अंतकाळीं कोणते उपचार नकोत तें आगाऊ लिहून ठेवण्याचा माणसाचा हक्क मान्य केला, आणि २४ जानेवारी २०२३ रोजीं त्याची रीत सोपी केली. ज्याला आपण मरणार हेंच सांगितलेलें नाहीं, त्यानें तो हक्क कधीं बजावावा?

कोंबडें झांकलें म्हणून तांबडें फुटावयाचें राहत नाहीं. मार्गशीर्षांत एका सकाळीं आई ओट्यावर जोंधळे निवडीत होती. मी गोळ्यांची डबी घेऊन आलों तों वर न पाहतां म्हणाली, ‘किती दिवस म्हणतेत डॉक्टर?’ मी नेहमींचें कांहीं बोलूं लागलों. ती म्हणाली, ‘व्रणानं केस जातात का रे कुणाचे?’ औषधानें भावाचे केस गेले होते तिसऱ्या महिन्यांत. म्हणजे तेव्हांपासून तिला कळलें होतें. त्याच सुमारास तिचें तिखटावरचें बोलणेंही थांबलें होतें, आणि आम्हीं तें वयाच्या विसराळूपणावर ढकललें होतें. सुनेची क्षमा मागावी तर आपल्याला कळलें आहे हें उघड होईल, म्हणून ती दोन महिने तेंही करूं शकली नव्हती. ‘तुम्ही कुणी बोलत नव्हता, म्हणून मीही बोलले नाही,’ ती म्हणाली, ‘तुमच्यानं सोसवलं नसतं.’

त्यानंतर सोळा दिवस मिळाले. आई आणि भाऊ दार लोटून बोलले. काय बोलले तें मला ठाऊक नाहीं, आणि तें विचारण्याचा मला अधिकारही नाहीं. आईनें भावजयीला जवळ बसवून घेतलें. दूरच्या एका शहरांतून मीं मॉर्फीनच्या गोळ्या मिळविल्या, आणि पहिल्या रात्रीं तो सलग सहा तास झोंपला. दुसऱ्या दिवशीं त्यानें ठेचा मागितला. बोटाच्या टोंकावर येईल एवढाच खाल्ला. आईनेंच वाटला होता. नांदेडास नेण्याचा आमचा ठराव भावानें तिच्या कानांवर घातला, तेव्हां ती म्हणाली, ‘मी कुठं जाते? ही दोघी एकट्या राहतील का इथं?’ आपलें पुढें कसें, हा घोर ती पांच महिने एकटी वागवीत होती, आणि आम्ही मात्र तिचा रक्तदाब मोजीत होतों. आज ती लातुरासच आहे. माझी शनिवारची एस.टी. चुकत नाहीं.

दहाव्याच्या दिवशीं मामा मला म्हणाले, ‘तरी सांगायची घाईच झाली. ताईचं वय काय!’ त्यांचें मत बदललेलें नाहीं. परवां त्यांच्या व्याह्यांच्या घशांत गांठ निघाली असें कळलें. ती कसली, हें व्याह्यांखेरीज सर्वांना सांगण्यांत आलें आहे. त्यांना ‘टॉन्सिल’ म्हणावयाचें ठरलें आहे.