गेटिसबर्गच्या सावलीतले व्हिक्सबर्ग

अमेरिकी यादवी युद्ध म्हटले की गेटिसबर्ग आठवते. जुलै 1863 च्या पहिल्या तीन दिवसांत तिथे दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे 50 हजार सैनिक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. तरीही युद्धाचे पारडे फिरवण्याचा मान, आमच्या मते, त्याच्या दुसऱ्याच दिवशी शरण आलेल्या, मिसिसिपी नदीकाठच्या व्हिक्सबर्गचा आहे. गेटिसबर्गहून फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचा सेनापती ली आपली फौज घेऊन परतला आणि पुढे जवळपास दोन वर्षे लढला. व्हिक्सबर्गला मात्र दक्षिणेच्याच पेम्बर्टनची 29 हजारांवर फौज तोफांसकट उत्तरेचा सेनापती ग्रँट याच्या हाती पडली. एप्रिलमध्ये ग्रँटची जहाजे रात्री किल्ल्यांच्या तोफांसमोरून निसटली, फौज व्हिक्सबर्गच्या दक्षिणेला नदी उतरली, जॅक्सन शहर घेऊन तिने व्हिक्सबर्गची रसद तोडली. मग 47 दिवसांचा वेढा. लोक टेकड्यांत गुहा खोदून राहिले. कागद संपला तेव्हा तिथले वृत्तपत्र भिंतीच्या नक्षीदार कागदाच्या कोऱ्या बाजूवर छापले गेले (संपादकाला हे विसरणे कठीणच).

कोणी म्हणेल, ली जिंकला असता तर वॉशिंग्टनच धोक्यात आले असते. धोका खराच, पण तटबंदी केलेल्या राजधानीला वेढा घालण्याइतकी रसद त्याच्याकडे नव्हती. न्यू ऑर्लिन्स 1862 मध्येच पडल्याने नदी आधीच निकामी झाली होती, हा आक्षेप अधिक वजनदार. तरी व्हिक्सबर्ग ते पोर्ट हडसन हा नदीचा पट्टा दक्षिणी राज्यांच्या ताब्यात होता आणि टेक्सासकडची रसद तिथूनच येई. 9 जुलैला पोर्ट हडसनही पडले. या यशाने पुढे आलेला ग्रँट मार्च 1864 मध्ये उत्तरेचा सरसेनापती झाला आणि लीच्या समोर उभा राहिला.